एअरबॅग किती, हे विचारता. बेल्ट लावता का?

पोस्ट मोठी आहे. पण गाडी घ्यायचा विचार असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे गाडी बघायला गेलेला माणूस पूर्वी एकच प्रश्न विचारायचा, "किती देते?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आलाय, "एअरबॅग किती?" ही चांगली गोष्ट आहे. पण सहा एअरबॅगची नवी कोरी गाडी, बेल्टच्या खाचेत टुंग-टुंग बंद करणारी क्लिप, आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर दोन-तीन वर्षांचं पोर, अशी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी आपल्या हायवेवर कुठंही उभं राहून मोजा. एअरबॅग आपल्यापर्यंत आली, तिचा इतिहास मात्र आला नाही. तो इतिहास सत्तर वर्षांचा आहे आणि त्यात पोरांचे जीव गेलेत. म्हणून तो सांगायचाय.

गोष्ट सुरू होते १९५२ मध्ये, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. जॉन हेट्रिक नावाचा इंजिनियर बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाला होता. रस्त्यात मोठा दगड आला, तो चुकवताना गाडी खड्ड्यात गेली. ब्रेक दाबताना नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप पोरीपुढं आडवे गेले. कुणाला काही झालं नाही, पण हेट्रिकच्या डोक्यात एक विचार राहिला: हाताऐवजी हवेची उशी पुढं आली तर? नौदलाच्या कामात असताना दाबलेल्या हवेनं टॉर्पेडोचं कापडी आवरण एका क्षणात फुगून उडालेलं त्यानं पाहिलं होतं. त्यावरून त्यानं आराखडा काढला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये पेटंट मिळवलं. जर्मनीत वाल्टर लिंडेरर याला त्याच वर्षी अशाच कल्पनेचं पेटंट मिळालं. दोघांनाही त्यातून फारसं काही मिळालं नाही, कारण दाबलेली हवा पुरेशा वेगानं पिशवीत भरत नव्हती.

हा वेग समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. समोरासमोर टक्कर झाली की गाडी थांबते, पण आतला माणूस आधीच्याच वेगानं पुढं जात राहतो. त्याचं डोकं स्टेअरिंगपर्यंत पोचायच्या आत पिशवी फुगायला हवी. त्यासाठी मिळतात सेकंदाचे तीस-चाळीस हजारांश. डोळ्याची पापणी लवायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. साठीच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅलन ब्रीड या इंजिनियरनं टक्कर ओळखणारा स्वस्त सेन्सर बनवला. हवेच्या टाकीच्या जागी रसायन आलं. सोडियम अझाइड पेटलं की क्षणात नायट्रोजन तयार होतो आणि पिशवी भरते. म्हणजे एअरबॅग ही मऊ उशी दिसत असली तरी तिच्या मागं छोटा स्फोट असतो. फुगताना ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर येते.

आता राजकारण. अमेरिकेत १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं गाड्यांच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, देशभर चर्चा झाली आणि १९६६ मध्ये वाहन सुरक्षा कायदा झाला. तेव्हाही अमेरिकन माणूस बेल्ट लावत नव्हता. म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनी हिशोब मांडला: लोक बेल्ट लावत नसतील, तर त्यांनी काहीही न करता वाचवणारी वस्तू गाडीत बसवू. ती वस्तू म्हणजे एअरबॅग. थोडक्यात, अमेरिकेत एअरबॅग आली ती बेल्टला पर्याय म्हणून. ही मूळ चूक.

कंपन्यांना खर्च नको होता. एप्रिल १९७१ मध्ये फोर्डचे मालक हेन्री फोर्ड दुसरे आणि त्यांचे अधिकारी ली आयाकोका थेट अध्यक्ष निक्सन यांना भेटले आणि सुरक्षेच्या नियमांविरुद्ध बोलले. निक्सन यांच्या कार्यालयात सगळं टेप होत असल्यामुळं हे संभाषण आज ऐकायला मिळतं. नियम पुढं ढकलला गेला. त्याऐवजी एक मधला मार्ग निघाला: १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय सुरूच व्हायच्या नाहीत. लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेनं ही सक्ती मोडीत काढली. बेल्टची आठवण करून देणारा आवाजही आठ सेकंदांच्या वर वाजवायची सक्ती करता येणार नाही, असं ठरलं. आपल्याकडच्या क्लिपचा हा अमेरिकन आजोबा. फरक एवढाच की त्यांनी तो कायदा करून आणला.

त्याच काळात जनरल मोटर्सनं एअरबॅग असलेल्या सुमारे दहा हजार गाड्या विकल्या. गिऱ्हाईक नाही म्हणून १९७६ नंतर बंद केल्या. पुढं १९८१ मध्ये रेगन सरकारनं नियमच रद्द केला. विमा कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला झापलं. १९८४ मध्ये नियम परत आला. आणि गंमत बघा, निक्सनकडं तक्रार घेऊन गेलेले तेच आयाकोका १९८८ मध्ये क्रायस्लरचे प्रमुख म्हणून आपल्या गाड्यांत चालकाची एअरबॅग देऊ लागले आणि तिची जाहिरात करू लागले. धंदा दिसला की मत बदलतं.

जर्मनीत याच काळात वेगळा विचार चालला होता. मर्सिडीजनं १९८० च्या शेवटी एस-क्लासमध्ये चालकासाठी एअरबॅग दिली, आणि सोबत टक्कर होताच बेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही. माणूस बेल्ट लावणारच, एअरबॅग त्याला जोड म्हणून, अशी ही मांडणी. म्हणून युरोपातल्या पिशव्या आकारानं लहान ठेवता आल्या. आजही तुमच्या गाडीच्या स्टेअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर 'एसआरएस' अशी अक्षरं असतील. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थ 'पूरक' असाच आहे.

अमेरिकेतली मूळ चूक नव्वदच्या दशकात अंगाशी आली. तिथल्या नियमाप्रमाणं बेल्ट न लावलेल्या मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या पुतळ्याला ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेत एअरबॅगनं वाचवणं बंधनकारक होतं. पावणेआठशे-आठशे ग्रॅमचं नव्हे, ७८ किलोचं वजन बेल्टशिवाय थोपवायचं, तर पिशवी तेवढ्याच ताकदीनं फुगायला हवी. ती फुगली. पण समोर प्रत्येक वेळी ७८ किलोचा पुरुष नव्हता. कुठं बुटकी बाई स्टेअरिंगला खेटून बसलेली, कुठं पाच वर्षांचं पोर बेल्टशिवाय पुढं, कुठं मागं तोंड करून बसवलेल्या बेबी सीटमधलं तान्हं बाळ. पार्किंगमधल्या हलक्या धडकेतही पिशव्या फुगल्या, आणि धडकेनं काहीही झालं नसतं ती मुलं एअरबॅगनं गेली. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगमुळं २९० हून जास्त मृत्यू झाल्याची तिथं नोंद आहे. मेलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. जवळपास ९० टक्के मृत्यू १९९८ च्या आधीच्या गाड्यांतले होते, कारण १९९७ पासून पिशव्यांचा जोर कमी करायला परवानगी मिळाली. पुढं समोरच्या माणसाचं वजन आणि बसणं ओळखणारे सेन्सर आले.

याचा अर्थ एअरबॅग वाईट असा कुणी काढू नका. १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत पुढच्या एअरबॅगनं अमेरिकेत ५० हजारांहून जास्त जीव वाचवले, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे. पण त्याच सरकारचा २०१७ या एका वर्षाचा हिशोब असा: एअरबॅगमुळं वाचलेले २,७९०, बेल्टमुळं वाचलेले १४,९५५. पाचपटीहून जास्त. ज्या पट्टीला आपण 'पोलीस दिसला की लावू' म्हणतो, तिची ही किंमत आहे.

आता आपल्याकडं या. भारतात पुढच्या सीटला बेल्ट १९९४ पासून आणि मागच्या सीटला २००२ पासून बंधनकारक आहे. एअरबॅगचं तसं नव्हतं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो या भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांची धडक चाचणी जाहीर केली. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे. तेव्हा कुठं आपल्याकडं आरडाओरडा झाला. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ च्या एप्रिलपासून नव्या मॉडेलांना शेजारच्या सीटचीही. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा आला, मग तारीख ऑक्टोबर २०२३ वर गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगितलं. त्याऐवजी भारत एनकॅपचे तारे आले. त्या ताऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या आता आपणहून सहा एअरबॅग देतात.

मधल्या काळात ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज, एअरबॅगला तोटा नाही. पुढचे दोघे वाचले, मागं बसलेले दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. आठ-पंधरा दिवस सगळ्यांनी मागं बेल्ट लावला, मग विसरलो. त्याच २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक देशात अपघातांत गेले, त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. हा आकडा केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा आहे.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला सहा वर्षांचा मुलगा गेला. तो पुढच्या सीटवर होता. अपघातात एअरबॅग उघडली आणि तिच्या धक्क्यानं त्याला आतून मार लागला, असं बातम्यांत आलं. त्या कुटुंबाला बोल लावायचा नाही. पोराला पुढं बसवू नये, हे त्यांना, तुम्हाला, मला गाडीची किल्ली देताना किती जणांनी नीट सांगितलंय? पेढे देतात, हार घालतात, फोटो काढतात. अमेरिकेला तीस वर्षांपूर्वी जो धडा मिळाला, तो आपण परत आपल्या पोरांवर शिकतोय.

अपघाताच्या बातम्या लिहिताना एक वाक्य नेहमी ऐकतो, "बेल्ट नसेल तर एअरबॅग उघडतच नाही." बहुतेक गाड्यांत ती उघडते, आणि धोका तिथंच आहे. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढं सरकतो आणि फुगणाऱ्या पिशवीच्या तोंडावर जाऊन पडतो.

म्हणून सरळ सांगतो.

बारा वर्षांपर्यंतचं मूल मागं, बेल्टमध्ये किंवा चाइल्ड सीटमध्ये. मांडीवर घेऊन पुढं बसणं बंद. मांडीवरचं मूल तुमच्या आणि एअरबॅगच्या मध्ये सापडतं.

मागं तोंड असलेली बेबी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नको.

छाती आणि स्टेअरिंगमध्ये किमान दहा इंच अंतर ठेवा. बुटक्या चालकांनी सीट थोडी उंच आणि मागं घ्यावी.

डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइल स्टँड चिकटवू नका. श्रद्धा मनात ठेवा. पिशवी उघडली की ती वस्तू तोंडावर येते.

सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर जाड सीट कव्हर चढवण्याआधी विचारा. पिशवी त्याच शिवणीतून बाहेर येते.

क्लिप काढून टाका. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांवरून अशा १३ हजारांहून जास्त नोंदी काढायला लावल्या. आपल्या गावात त्या अजून काउंटरवर मिळतात.

जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का, ते बघा. लागतच नसेल किंवा विझतच नसेल, तर गडबड आहे. एकदा फुटलेली एअरबॅग परत वापरता येत नाही, आणि सगळेच ती बदलून गाडी विकतात असं नाही. गाडीचा चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉलही तपासा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडलं, आणि फुगताना धातूचे तुकडे उडून माणसं मेली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कोकणातल्या वाचकांनी हे खास लक्षात घ्यावं.

शेवटी "किती देते?" वाल्यांसाठी. हायब्रिड किंवा प्लग-इन गाडीत पाय अलगद उचलला की मोटर जनित्रासारखी काम करते आणि बॅटरी थोडी भरते. लांबवर नजर, पुढच्या गाडीपासून अंतर, कचकन ब्रेक नाही, अशी चालवणाऱ्यालाच ती चांगलं मायलेज देते. साध्या पेट्रोल गाडीलाही हेच लागू आहे. आणि अशी चालवणाऱ्याची एअरबॅग बहुधा उघडायची वेळच येत नाही. मायलेज आणि जीव एकाच सवयीनं वाचतात.

गाडी घेताना एअरबॅग किती आहेत ते जरूर विचारा. पण गाडीत बसलेल्या माणसांइतके बेल्ट लागलेत का, हे चावी फिरवण्याआधी मोजा. मागचेसुद्धा.

पटलं तर घरच्या ग्रुपवर टाका. तुमच्या ओळखीत कुणी नवी गाडी घेतली असेल, तर आधी त्याला पाठवा.