केशनळीचें गणित

रेफ्रिजरेटर आपण रोज उघडतों. त्याच्या पाठीमागील तांब्याची बारीक नळी मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. तिच्या गणिताचा आरंभ रक्तापासून होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह उमगावा म्हणून पॅरिसचे वैद्य प्वाझय यांनीं कांचेच्या नळ्यांतून पाणी वाहवून पाहिलें. व्यास दुप्पट केला असतां प्रवाह सोळापट होतो, हें त्यांनीं १८४० च्या सुमारास दाखविलें; जर्मनींत हागेन यांनींही १८३९ सालीं असेच प्रयोग स्वतंत्रपणें प्रसिद्ध केले होते.

रेफ्रिजरेटरांत हा नियम अपुरा पडतो. नळींत दाब उतरतांच प्रशीतकाची वाफ होऊं लागते. शिवाय काँप्रेसरमधील थोडें तेल त्यांत मिसळून द्रवाची चिकटाई वाढवितें. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक अशीं प्रशीतकें मागें पडलीं. त्यांच्या जागीं आलेलें १३४-अ खनिज तेलाशीं मिसळेना. तेल मागेंच राहिलें, तर काँप्रेसर कोरडा पडावयाचा! म्हणून एस्टर जातीचीं तेलें आलीं आणि मिश्रणाच्या प्रवाहाचीं गणितें पुन्हां मांडावीं लागलीं.

श्रोतेहो, आपल्या घरचें दूध व औषध या मिलिमीटरभर वाटेवर विसंबून आहे.