लाउटरच्या खोऱ्यातला हिंगूळ

कायझर्सलाउटर्न म्हटलं की तुम्हाला तिथलं विद्यापीठ, फ्राउनहोफरच्या संस्था, फुटबॉल आणि अमेरिकन सैन्याचा तळ एवढंच आठवेल. पण स्टेशनवरून लाउटरेकनकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसा आणि वोल्फश्टाइनला उतरा. गावाला खेटून उभा असलेला क्योनिग्सबर्ग एके काळी पाऱ्यासाठी पोखरला गेला. जवळचा पोत्सबर्ग आणि ओबरमोशेलचा लांड्सबर्ग हेही तसेच. स्पेनमधलं अल्मादेन आणि स्लोव्हेनियातलं इद्रिया यांच्यापुढे हा भाग लहान, पण अठराव्या शतकात युरोपच्या पारा-बाजारात त्याला वजन होतं.

आपण सह्याद्रीची माणसं, म्हणजे ज्वालामुखीच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. मग आपल्या काळ्या कातळात पारा, तांबं, चांदी का नाही? आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ रसासारखा थरावर थर पसरत गेला. इथली गोष्ट त्याहून खूप जुनी, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीची, आणि रसही वेगळा. सिलिकाने घट्ट झालेला हा रस वर येता येता जमिनीखालीच अडकून फुगला. डोनर्सबर्ग हा ६८७ मीटरचा डोंगर असाच रायोलाइटचा फुगवटा आहे.

अडकलेला रस सावकाश निवतो आणि भोवतालच्या पाण्याला तापवत राहतो. ते पाणी खडकांतून फिरताना धातू आणि गंधक विरघळवून घेतं आणि भेगांतून वर चढतं. वर आलं की थंड होतं, दाब उतरतो आणि बरोबर आणलेलं सोडून देतं. पारा कमी उष्णतेतही वाहत राहतो, म्हणून तो पृष्ठभागाजवळ, हिंगुळाच्या रूपात साचतो. होय, हा आपल्या रसशास्त्रातला लालभडक हिंगूळच. इथल्या खाणींचं भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही यातच आलं: वर माल हाताशी, खाली गेलं की विरळ.

इथला मला सर्वांत आवडणारा पुरावा म्हणजे म्युन्स्टरापेलचे मासे. त्या काळच्या तळ्यांच्या गाळात दगड झालेल्या या माशांवर हिंगुळाचा लाल लेप चढलेला सापडतो. मासा आधी, पारा नंतर, हे त्यासाठी वेगळं सांगावं लागत नाही.

शोधण्याची रीत साधी होती. हिंगूळ पाण्याच्या आठपट जड, त्यामुळे ओढ्यातली वाळू परातीत हलवली की हलकी माती वाहून जाते आणि तळाशी लाल कण उरतात. कण ओढ्यात कुठून यायचे थांबतात ते पाहत वर चढायचं. आजचे भूवैज्ञानिक ओढ्याच्या गाळाचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात, तेही मुळात याच तर्काने.

काढलेला दगड चुन्याबरोबर बंद भांड्यांत तापवत. चुना गंधक धरून ठेवी, आणि पाऱ्याची वाफ थंड होऊन थेंब जमत. ती वाफ भट्टीवाल्यांच्या छातीतही जाई. हात कापणं, दात हलणं, तोंडातून लाळ गळणं ही पाऱ्याच्या कामगारांची दुखणी सगळ्या युरोपला माहीत होती. राजाच्या तिजोरीचे हिशोब जपले जातात, या माणसांची नावं क्वचितच.

एकोणिसाव्या शतकात हे खाणकाम ओसरलं. वरचा माल संपत आला होता आणि स्पेनचा, पुढे कॅलिफोर्नियाचा पारा स्वस्त पडत होता. १९३० च्या दशकात नाझी राजवटीला परदेशी माल नको होता, म्हणून काही खाणी पुन्हा उघडल्या. पारा तेव्हा स्फोटकांच्या टोप्यांत लागे, हे विसरून चालणार नाही. महायुद्ध संपण्याआधीच त्या पुन्हा बंद झाल्या. त्याच दशकात, १९३८ साली, चांदी आणि पारा यांच्या एका नैसर्गिक संयुगाला लांड्सबर्गवरून मोशेललांड्सबर्गाइट असं नाव मिळालं. जगभरच्या खनिजसंग्रहांत ते नाव अजून आहे.

वोल्फश्टाइनला आज पर्यटकांना डोंगराच्या पोटात नेतात, पण ती चुनखडीची खाण आहे, पाऱ्याची नव्हे. पाऱ्याच्या जुन्या भुयारांत मात्र परवानगीशिवाय शिरू नका. आणि जुन्या ढिगाऱ्यात लाल ठिपक्यांचा दगड मिळालाच, तर तो नुसता पाहा. घरी आणून तापवू नका.