सूरग्रहण : सूरभाषांतील रूढ व विरळ नमुने

आवाजाची पट्टी बदलली की ज्या भाषांत शब्दाचा अर्थच बदलतो, त्यांना सूरभाषा म्हणतात. चिनी, थाई, व्हिएतनामी, योरुबा तसेच भारतातील पंजाबी, मिझो व बोडो या सूरभाषा होत. मराठीत सुराने प्रश्न, राग किंवा आश्चर्य कळते. शब्दाचा कोशगत अर्थ त्याने बदलत नाही. सूरभाषांतील नेहमीचे आणि क्वचित भेटणारे नमुने माणूस कसे आत्मसात करतो, या अभ्यासाला सूरग्रहणाचा अभ्यास म्हणता येईल. एखादा नमुना सतत कानावर पडला तर तो शिकणे सोपे जाते. मात्र तेवढ्याने त्यामागचा नियम मनात रुजतोच असे नाही, हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे.

बालवय : प्रमाण चिनीत चार मुख्य सूर आहेत. ‘मा’ हे अक्षर उंच सपाट सुरात ‘आई’, चढत्या सुरात ‘ताग’, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात ‘घोडा’ आणि उतरत्या सुरात ‘शिव्या देणे’ असा अर्थ देते. चार्ल्स ली व सँड्रा थॉम्प्सन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की मुले व्यंजनांच्या उच्चारांपेक्षा सूर लवकर साधतात. उंच सपाट व उतरता हे सूर आधी बसतात. चढता आणि तिसरा यांची गल्लत बराच काळ होत राहते. कान तर त्याही आधी घडतो. कॅरन मॅटॉक व डेनिस बर्नहॅम यांच्या २००६ मधील प्रयोगात इंग्रजी घरांतील बाळांची सूरभेद ओळखण्याची क्षमता सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान घटली, चिनी घरांतील बाळांची टिकून राहिली.

अक्षर व सूर यांची जोडी : प्रत्येक अक्षर चारही सुरांत सारखेच आढळत नाही. ‘देणे’ या अर्थाचे ‘गेइ’ जवळजवळ नेहमी तिसऱ्याच सुरात येते. हा अनुभव बोलणाऱ्याच्या मनात साठत जातो. अक्षर कमी वापरातले असेल, तर ऐकणारा त्याच्या संभाव्य सुराकडे आधी झुकतो, असे सेथ विनर व किवाको इतो यांना २०१५ मध्ये आढळले.

सूरसंधी : दोन तिसरे सूर लागोपाठ आले, की पहिला चढता होतो. ‘नी हाव’ या अभिवादनातील ‘नी’ म्हणूनच चढत्या सुरात ऐकू येते. इतर सुरांपूर्वी तिसऱ्या सुराचा फक्त खालचा भाग उच्चारला जातो. २०१० मध्ये जिए झांग व युवेन लाय यांनी बनावट शब्द वापरून हे दोन्ही बदल तपासले. उच्चाराच्या सोयीतून आलेला दुसरा बदल लोकांनी नव्या शब्दांत अधिक अचूक केला.

तैवानी भाषेतील संधी अधिक गुंतागुंतीची आहे. उंच सपाट सूर मध्यम होतो, मध्यम नीच होतो, नीच उतरता होतो आणि उतरता पुन्हा उंच सपाट होतो. हे चक्र रोजच्या प्रत्येक वाक्यात बिनचूक फिरते. तरीही १९७० मध्ये शिन-ई श्ये यांनी बनावट शब्द पुढे ठेवले, तेव्हा तेच भाषक वारंवार अडखळले. ओळखीच्या शब्दांची बदललेली रूपे त्यांनी शब्दागणिक लक्षात ठेवली होती, हाच याचा अर्थ.

प्रौढांचे शिक्षण : वय वाढल्यावरही कान तयार करता येतो. यूए वांग व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील अभ्यासात दोन आठवड्यांच्या सरावाने अमेरिकी विद्यार्थ्यांची सूर ओळखण्याची अचूकता २१ टक्क्यांनी वाढली आणि सहा महिन्यांनंतरही टिकली. सरावात अनेकांचे आवाज होते. त्यामुळे नवे शब्द व नवे आवाजही त्यांना ओळखता आले. तिसऱ्या सुराचे पाठ्यपुस्तकातील पूर्ण रूप प्रत्यक्ष बोलण्यात मुख्यतः विरामापूर्वीच येते. म्हणून सुटे सूर घोकण्याबरोबरच जोडशब्द व वाक्ये पहिल्या धड्यापासून ऐकवणे आवश्यक ठरते.