वस्त्र, अग्नि आणि विष

एका संकटाच्या निवारणासाठीं योजिलेला उपाय दुसऱ्या संकटास जन्म देतो, याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं नाहींत. कापडानें पेट घेऊं नये म्हणून मनुष्यानें जे प्रयत्न केले, त्यांची हकीकत याच वर्गांतली आहे.

इंग्लंडांत १७३५ सालीं ओबाडिया वाइल्ड यानें तुरटी, टांकणखार वगैरेंच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. पुढें १८२१ सालीं फ्रान्सच्या अठराव्या लुई राजाच्या सांगण्यावरून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञानें नाटकगृहांतील कापडावर अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टांकणखार यांचे प्रयोग केले. परंतु असले क्षार पाण्यानें धुऊन जात आणि कापड ताठर करीत. पॅरिसची नर्तकी एमा लिव्री हिनें तसला झगा घालण्याचें नाकारलें. १८६२ सालीं तालमीच्या वेळीं गॅसच्या दिव्यानें तिचा झगा पेटला, आणि आठ महिन्यांनीं ती मरण पावली.

कापड मऊ राहावें आणि औषध धुण्यांत टिकावें, ही अपेक्षा मग साहजिकच होती. विसाव्या शतकांत ब्रोमीनयुक्त रसायनांनीं ती पुरविली. अमेरिकेंत १९७० नंतर लहान मुलांच्या रात्रीच्या पोषाखांत 'ट्रिस' नांवाचें द्रव्य वापरलें जाऊं लागलें. १९७७ सालीं आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनीं तें आनुवंशिक द्रव्यांत बिघाड घडवितें, असें निदर्शनास आणलें. त्याच वर्षीं अशा पोषाखांवर बंदी आली. त्याच्या जागीं आलेलें क्लोरीनयुक्त ट्रिसही त्याच दोषाचें निघालें. तें पोषाखांतून गेलें, पण पुढें कोचांच्या फोमांत शिरलें.

याचें एक कारण कॅलिफोर्नियाचा १९७५ चा नियम होता. कोचांतील फोमनें उघड्या ज्योतीस तोंड द्यावें, असा त्याचा आग्रह. वस्तुतः ठिणगी प्रथम पडते ती वरच्या कापडावर. २०१३ सालीं नियम बदलून, जळत्या सिगारेटनें कोच धुमसूं नये, अशी कसोटी ठरली. योग्य कापड निवडलें कीं, फोमांत विष न घालतांही ती उतरतां येते. २०२१ पासून ती साऱ्या अमेरिकेस लागू झाली.

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, औषध कोणतें हें विचारण्यापूर्वीं त्याची गरज आहे काय, हें विचारावें. नायट्रोजन व ओलावा अंगीं असलेली लोंकर सहसा पेट घेत नाहीं. घट्ट विणीचें कापड विरळ विणीच्या कापडापेक्षां सावकाश जळतें. मुलांस अग्नीपासून वांचवितांना त्यांच्या अंथरुणांत विष पसरणें, हें रक्षण नव्हे.