लाइनीचा पासवर्ड, माणसाचं नाव

या विकांताला जरा धंद्यातलंच बोलू, पण इतिहासाच्या अंगाने.

वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे. (जिल्हा तसा नवाच, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा काढलेला.) गावात पोलीस ठाणं आहे, आणि राज्यातल्या कुठल्याही ठाण्यासारखी तिथेही स्टेशन डायरी आलीच. कोण आलं, काय तक्रार दिली, कोण बंदोबस्ताला निघालं, सगळं वेळेसकट त्यात लिहायचं. ही पद्धत इंग्रजांची. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या ४४ व्या कलमात ठाण्याच्या प्रमुखाने अशी डायरी ठेवावी असं सांगितलं होतं. मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती नोंद करणाऱ्याची ओळख. नुसतं "ठाणे अंमलदार" लिहून भागत नाही. नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर. पोहेकॉ अमुक तमुक, ब. नं. इतका. एकाच आडनावाचे तिघे असले तरी बक्कल नंबर वेगळा.

म्हणजे युजरनेमच की!

मग संगणक आले. केंद्र सरकारने २००९ मध्ये सीसीटीएनएस ही देशभरातली ठाणी जोडणारी योजना मंजूर केली, २०१५ मध्ये महाराष्ट्रात ती सुरू झाली. अंमलदाराच्या हातात पेनाबरोबर लॉगिनही आलं. पण संगणक एकमेकांना जोडायचे तर मध्ये एक स्विच लागतो. ठाणं असो, ग्रामपंचायत असो की बँकेची शाखा, कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात लुकलुकणारा तो डबा. त्या डब्यात शिरून कोणी एखादं पोर्ट बंद केलं, तर ते कोणी केलं हे डब्याला कळतं का? गंमत म्हणजे बराच काळ कळत नव्हतं. आणि कित्येक ठिकाणी आजही कळत नाही.

पासवर्डाची गोष्ट सुरू होते एमआयटीत. १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एक अवाढव्य यंत्र, अनेक टर्मिनलं, अनेक माणसं. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला वापराचा ठरावीक वेळ. तेव्हा कोणाचा किती वेळ खर्च झाला हे मांडायला आधी नाव लागलं. नावावर दुसऱ्याने वेळ उडवू नये म्हणून पासवर्ड लागला. चोर वगैरे नंतरची भानगड. मुळात हा हिशेबाच्या वहीचा प्रश्न होता.

आणि वहीत लबाडी लगेचच झाली. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला मिळालेला वेळ पुरेना. त्याने पंचकार्ड टाकून पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम करत बसला. ही गोष्ट त्याने पंचवीस वर्षांनी कबूल केली म्हणे. सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवले की असं होतं. त्यावरचा नीट उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात मांडला: पासवर्ड ठेवूच नका, त्याचा हॅश ठेवा, आणि त्यात चिमूटभर मीठ, म्हणजे सॉल्ट, टाका.

बरं, हे झालं मोठ्या संगणकांचं. जाळ्यातल्या उपकरणांचा वंश वेगळा. तिथे मूळ गोष्ट होती लाइन, म्हणजे खरोखरची तार. सिस्कोच्या स्विचवर आपण आजही "लाइन कन्सोल" आणि "लाइन व्हीटीवाय" लिहितो ना, त्यातली लाइन तीच. त्याखाली "पासवर्ड" आणि मग नुसतं "लॉगिन" लिहिलं, की पासवर्ड त्या तारेला लागतो, माणसाला नाही. टेलनेट केलं की स्विच नाव विचारतच नाही. थेट "पासवर्ड?" जो सांगेल तो आत. दाराला एक कुलूप, दहा जणांकडे एकाच किल्लीच्या दहा प्रती. डायरीत लिहिणार काय, तर "कोणीतरी आलं होतं".

तारेवरच्या माणसाला नाव द्यायची गरज आधी अमेरिकी लष्कराला पडली. अर्पानेटमधून १९८३ मध्ये लष्कराचं मिलनेट वेगळं झालं. त्यात फोन लावून शिरायचे जे डबे होते त्यांना टॅक म्हणत. डब्याचा फोन नंबर ठाऊक असला की कोणीही आत डोकावू शकत होतं. म्हणून टॅकॅक्स ही पद्धत आली, तिचा एक भाग डिसेंबर १९८४ च्या आरएफसी ९२७ मध्ये आहे. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या एका जोडप्याने सिस्को ही कंपनी काढली, हा निव्वळ योगायोग. पुढे सिस्कोनेच टॅकॅक्सला वाढवून टॅकॅक्स प्लस केलं, आणि लिव्हिंगस्टन कंपनीने १९९१ च्या सुमारास रेडियस आणलं. (पहिला इथरनेट स्विच १९९० मध्ये ज्या कंपनीने विकला तिचं नाव "कल्पना". संस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव. सिस्कोने ती १९९४ मध्ये घेऊन टाकली.)

आता करायचं काय ते थोडक्यात. "युजरनेम", मग माणसाचं नाव, "प्रिव्हिलेज १५", मग "सीक्रेट" आणि पासवर्ड. लाइनखाली "लॉगिन" काढून "लॉगिन लोकल". झालं. एवढ्या एका शब्दाने स्विच पासवर्डाआधी नाव विचारू लागतो, आणि लॉगमध्ये बदलापुढे नाव पडतं.

"सीक्रेट" च लिहा, "पासवर्ड" नको. टाइप ७ म्हणतात तो प्रकार एनक्रिप्शन नव्हेच, नुसती झाकपाक. तो उलगडणारा प्रोग्राम १९९५ पासून जालावर फिरतोय. टाइप ५ मध्ये मीठ होतं. मग सुधारणा म्हणून सिस्कोने टाइप ४ आणला आणि त्यात मीठच घालायचं राहिलं! हे २०१३ मध्ये उघडकीला आलं. हल्ली टाइप ८ किंवा ९ वापरावा. आणि टेलनेट बंद करून एसएसएच. हेलसिंकीच्या विद्यापीठात तारेवरून पासवर्ड चोरले गेले म्हणून तातू यलोनेनने ते १९९५ मध्ये लिहिलं.

अजून एक. "अ‍ॅडमिन" हे नाव नव्हे, हुद्दा आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरीव जोड्या वापरून. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-रूट. बक्कल नंबराशिवाय नुसतं "हवालदार" लिहिण्यासारखं ते.

उलट टोकही वाईटच. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या जाळ्याचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकाच कर्मचाऱ्याकडे होते. तो ते देईना. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन घेऊन आले. चाइल्ड्सला २०१० मध्ये शिक्षा झाली.

ठाण्यात बदल्या होतात. सामायिक पासवर्ड असला तर बदली झालेला माणूस तो डोक्यात घेऊन जातो, आणि मग सगळ्यांसाठी बदला, सगळ्यांना सांगा, कोणीतरी तो मॉनिटरला चिकटवून ठेवणार... नाव असलं तर "नो युजरनेम" ही एक ओळ पुरते. पन्नास स्विच असतील तर पन्नास वेळा, म्हणून मोठ्या जाळ्यात नावं टॅकॅक्स किंवा रेडियसच्या सर्व्हरवर ठेवतात.

पण गावाकडे फायबर तुटतं. रस्त्याचं खोदकाम, पाऊस, काहीही. सर्व्हर जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या ठिकाणी, आणि स्विच त्याला हाका मारतोय. अशा वेळी "एएए ऑथेंटिकेशन लॉगिन डिफॉल्ट ग्रुप टॅकॅक्स प्लस" या ओळीच्या शेवटी "लोकल" हा शब्द हवा. सर्व्हरने उत्तरच दिलं नाही, तर स्विच स्वतःच्या यादीतलं नाव बघतो. (सर्व्हरने "नाही" म्हटलं तर मात्र बघत नाही, आणि ते योग्यच आहे.) त्या यादीत एक तरी खरं नाव आधीच लिहून ठेवलेलं लागतं. फायबर तुटल्यावर ते दुरून लिहिता येत नाही, लॅपटॉप आणि कन्सोलची निळी केबल घेऊन मंगरुळपीरहून गाडी काढावी लागते.