मावळता सूर्य आणि फिरविलेला स्फटिक

१८०८ सालची ही हकीकत आहे. पॅरिस शहरांत एत्येन लुई मालूस नांवाचा लष्करी इंजिनियर आपल्या घरीं आइसलंडचा स्फटिक हातांत घेऊन उभा होता. या पारदर्शक खनिजांतून पाहिल्यास एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हें कोपनहेगनच्या बार्थोलिननें १६६९ मध्येंच प्रसिद्ध केलें होतें. कागदावरील ठिपक्यावर स्फटिक ठेवून फिरविला, तर एक प्रतिमा स्थिर राहते व दुसरी तिच्याभोंवतीं फिरते. पुढें हायगेन्सनें १६९० च्या आपल्या ग्रंथांत एकामागें एक ठेवलेल्या दोन स्फटिकांचे प्रयोग वर्णिले; पण किरणांच्या त्या चमत्कारिक वर्तनाचें कारण आपणांस सांपडलें नाहीं, अशी प्रांजळ कबुलीहि दिली.

मालूसनें लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर चमकणारा मावळता सूर्य त्या स्फटिकांतून पाहिला आणि स्फटिक फिरविला. एक प्रतिमा उजळ होई, तेव्हां दुसरी मंद होई. आणखी फिरवितांच उलट घडे. रात्रीं मेणबत्ती लावून, पाण्यावरून व कांचेवरून परावर्तित होणाऱ्या उजेडावर त्यानें तोच प्रयोग केला. प्रकाशाचा हा गुण ही केवळ स्फटिकाची करामत नव्हे, साध्या परावर्तनानेंहि तो उत्पन्न होतो, असें ठरलें. यालाच आपण ध्रुवण म्हणतों.

मालूस प्रकाशाला सूक्ष्म कणांचा प्रवाह मानी. लोहचुंबकाप्रमाणें त्या कणांनाहि ध्रुव असावेत, या कल्पनेवरून हें नांव पडलें. १८२१ सालीं फ्रेनेलनें प्रतिपादिलें कीं, प्रकाशलहरींचें कंपन किरणाच्या दिशेशीं काटकोनांत होतें. उपपत्ति बदलली, निरीक्षण मात्र टिकलें.

शिक्षक असतांना मी हा क्रम अनेक वर्षें उलटा ठेवीत असें. आधीं व्याख्या, मग फळ्यावर आकृति. मुलें ती पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत. दोष त्यांचा नव्हता. पुढें पोलरॉईडचे दोन तुकडे आठवीच्या मुलांच्या हातीं दिले. एकावर एक धरून एक तुकडा ९० अंश फिरवितांच उजेड नाहींसा झाला. दोहोंमध्यें अभ्रकाचा पातळ पापुद्रा धरला, तों काळोखांत रंग उमटले. असेच रंग १८११ सालीं आरागोला दिसले होते. “असें कां?” हा प्रश्न त्या दिवशीं मुलांनींच विचारला.

आपल्या घरीं पोलरॉईड चष्मा असेल, तर सूर्याकडे नव्हे, पण तिरप्या उजेडांत चकाकणाऱ्या फरशीकडे मुलांना त्यांतून पाहूं द्या. चष्मा त्यांच्याच हातांनीं फिरवूं द्या. चकाकी कमीअधिक होतांना त्यांना दिसेल. व्याख्या सांगण्याची घाई करूं नका. ती विचारली जाईपर्यंत थांबा.