व्यापाराची वाट आणि रोगाची वस्ती

साथीचा इतिहास लिहितांना रोग कोठून आला याचा शोध पुष्कळ घेतला जातो. तो कोणाच्या घरांत मुक्कामास राहिला, हा प्रश्न मात्र मागें पडतो. मुंबईच्या प्लेगचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नासाठीं पुन्हां वाचण्यासारखा आहे.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि पूर्व-पश्चिमेच्या व्यापारांत मुंबईचें महत्त्व फार वाढलें. येथील गिरण्यांचें सूत चीनकडे जाई. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें प्लेग उद्भवला. १८९६ च्या सप्टेंबरांत बंदरालगतच्या मांडवींत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो ओळखला. हाँगकाँगहून येणाऱ्या जहाजांवरच्या उंदरांबरोबर तो आला असावा, असें सामान्यतः मानतात. मांडवींत धान्याच्या वखारी होत्या आणि त्यांस लागूनच माणसांची दाट वस्ती. उंदीर, पिसवा आणि मजूर यांचें तेथें जणूं एकच बिऱ्हाड होतें.

व्यापारानें रोग दारापर्यंत आणला खरा. परंतु आंत त्याला जागा दिली ती चाळींनीं. गिरण्यांना कोंकणांतून व घाटावरून आलेले मजूर हवे होते. त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी मात्र बहुधा कोणी पत्करीत नसे. भाडें परवडावें म्हणून एकेका खोलींत अनेकांनीं राहावें, हाच मार्ग उरे.

सरकार जागें कशानें झालें, तेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. युरोपांतील बंदरें हिंदी मालास बंद होण्याचा धोका दिसूं लागला, आणि १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. मजूर हजारोंनीं गांवीं पळाले. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें कोंदट वस्त्या पाडल्या. परंतु गरिबांसाठीं बांधलेलीं घरें अपुरीं पडलीं, आणि गर्दी शेजारच्या वस्तींत सरकली.

२०२० सालीं कोरोना आला तो विमानानें. त्या जुलैंत मुंबईच्या तीन प्रभागांतील रक्ततपासणीचे आंकडे प्रसिद्ध झाले. झोपडपट्टींतील सुमारें ५७ टक्के लोकांच्या, तर इतर वस्तींतील सुमारें १६ टक्के लोकांच्या रक्तांत रोग होऊन गेल्याची खूण आढळली. परदेशीं जाणारे निराळे आणि त्याची किंमत भरणारे निराळे, हें पुन्हां दिसून आलें.

बंदरावर वा विमानतळावर पहारा बसवणें सोपें असतें. मजुराला हवेशीर खोली द्यावयाची तर जमिनीच्या भावाला आणि नफ्याला हात घालावा लागतो. तें काम जोंवर राहिलें आहे, तोंवर पुढची साथ कोणत्याही वाटेनें आली तरी तिचा मुक्काम ठरलेलाच आहे.